करार गप्प आहे

आमच्या साडूभाऊंना एका जागी सलग दहा मिनिटं बसलेलं पाहिलेला माणूस पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत शोधून सापडायचा नाही, आणि गंमत अशी की ह्याच माणसाने उभा जन्म लोकांना एका जागी गप्प बसवण्यात घालवला. चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते ग्रंथपाल होते. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिली आहे, एवढंच आमचं नातं. पण दर रविवारी सकाळी तळेगावहून लोकल पकडून ते चिंचवडला आमच्याकडे येत, आणि आल्यापासून जाईपर्यंत आमच्या दोन खोल्यांतून अशा येरझारा घालत की खालच्या मजल्यावरचे लोक रविवारी आमच्याकडे पीठ दळतात की काय असं विचारून गेले. चहाचा कप त्यांच्या हातात द्यायचा नाही असा घरात दंडक होता. दोन घोट घेतले की ते चालायला लागत आणि कप वाटेत जिथे जागा दिसेल तिथे ठेवून देत. मग दुपारी आम्ही तो कधी वॉशिंग मशीनवरून, कधी कुंडीच्या काठावरून, एकदा तर जिन्यातल्या मीटरच्या पेटीवरून उचलून आणला होता.

माणसं देव देव करतात, तसे हे अटी अटी करत. छापलेला कागद हातात आला की तो उलटा करून मागचं बारीक अक्षर आधी वाचायचं. मिक्सरची वॉरंटी, पार्किंगची पावती, डॉक्टरांच्या फाइलवरच्या सूचना, काहीही चालायचं. माझ्या पुतणीचा साखरपुडा चिंचवडच्या एका कार्यालयात होता. हॉलच्या पावतीमागे चौदा नियम होते. भटजी संकल्प सांगत असताना साडूभाऊ माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "चार वाजता हॉल सोडायचा असं लिहिलंय, पण पंगत चालू असेल तर काय, ह्यावर एक अक्षर नाही." मी म्हटलं, नाही तर नाही, तुम्ही बसा. ते गेले आणि मॅनेजरला विचारून आले. मॅनेजरच्या मनात काही नव्हतं. एरवी पाच वाजले असते तरी त्याने मान वर केली नसती. पण विचारलंच म्हटल्यावर त्याला नियम आठवला. शेवटच्या पंगतीने मठ्ठा रस्त्यावर उभं राहून प्यायला. वहिनी वर्षभर आमच्याशी धड बोलल्या नाहीत. साडूभाऊंना त्याचं काहीच वाटलं नव्हतं. "विचारलं म्हणून कळलं, राव," ते म्हणाले. मेव्हणी मात्र दर अशा प्रसंगानंतर एकच वाक्य म्हणत असे, की लग्नाआधी आमच्या बाबांनी पत्रिका पाहिली, अटी बघायच्या राहून गेल्या.

ह्या माणसाला आणखी एक वेड होतं, ते म्हणजे पुलांचं. स्वतः बी. ए., तेही इतिहास घेऊन. इंजिनिअरिंगचा वारा फक्त पुस्तकांच्या कपाटातून लागलेला. पण पूल का हलतात, किती हलतात आणि हलूनही का पडत नाहीत, ह्यावर परदेशातलं एक मासिक निघतं. ते कॉलेजच्या कॉम्प्युटरवर दर शनिवारी जेवणानंतर एक लेख, असं ते कित्येक वर्षं वाचत होते, अर्थातच उभ्याने. "कळतं का सगळं?" मी एकदा विचारलं. "समीकरण आलं की ओढा ओलांडल्यासारखी उडी मारतो," ते म्हणाले. "माणसाला एक तरी विषय असा असावा की ज्यात त्याची परीक्षा होणार नाही." मे महिन्यात ते निवृत्त व्हायचे होते. मेव्हणीने त्यानंतर काशीला जायचं ठरवलं होतं, आणि ह्यांनी त्या मासिकाचे तीस वर्षांचे अंक पहिल्यापासून घरी बसून वाचायचं. घरी बसून हे शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढ्याच एका संदर्भात ऐकले. कॉलेजच्या पासवर्डवर ते घरूनही उघडायचं, आणि निवृत्त झालेल्या प्राध्यापकांचे पासवर्ड काढून घेण्याची तसदी आजवर कुणी घेतलेली नव्हती.

आता ह्या पासवर्डाचं जरा सांगायला हवं, कारण साडूभाऊंची सगळी तगमग तिथेच होती. आजकाल अर्धं ग्रंथालय कपाटात नसतंच. मासिकं परदेशी कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर असतात. कॉलेजला मिळते ती फक्त वर्षभर वाचायची परवानगी, आणि तिच्याबरोबर तीस-तीस पानांचा करार. कुणी वाचायचं, छापून घ्यायचं का, दुसऱ्या कॉलेजला लेख पाठवायचा का, परवानगी संपली की जुन्या अंकांचं काय. प्रत्येक कंपनीची अट वेगळी आणि ती लिहायची भाषा त्याहून वेगळी. आमच्या पट्ट्यातल्या सात कॉलेजांचे सात ग्रंथपाल एकमेकांच्या घरच्या मुंजी-बारशांना जाणारे, पण त्या अटी टिपून ठेवायची प्रत्येकाची वही निराळी आणि वहीची रीतही निराळी.

दिघीकडच्या एका कॉलेजात एक ग्रंथपाल बाई आहेत. अबोल, काटेकोर, अक्षर मोत्यासारखं. एका वर्षी त्यांनी आणि साडूभाऊंनी एकाच कंपनीची मासिकं घेतली. बाईंच्या घरी आजारपण होतं, तीस पानं वाचायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी साडूभाऊंच्या वहीची प्रत मागून घेतली. ह्यांनी मोठ्या अभिमानाने दिली. त्या वहीत 'दुसऱ्या कॉलेजला लेख पाठवणे' ह्यापुढची चौकट रिकामी होती. साडूभाऊंच्या रीतीने रिकामी चौकट म्हणजे ते कलम अजून वाचायचं आहे. बाईंची रीत अशी की मनाई असेल तेवढीच लिहायची. रिकामं म्हणजे मोकळं. त्यांनी मैत्रिणीच्या कॉलेजातल्या मुलांना भराभर लेख पाठवले. कंपनीला ते कळलं आणि तिने बाईंच्या कॉलेजला मासिकांचं दार तीन आठवडे बंद करून टाकलं, तेही ऐन प्रोजेक्टच्या दिवसांत. प्राचार्यांनी त्यांना सगळ्या स्टाफसमोर उभं करून जाब विचारला. बाईंनी साडूभाऊंचं नाव घेतलं नाही, आणि नंतर त्यांच्याशी बोलणंही ठेवलं नाही. फोन उचलत नसत. मेसेजला उत्तर एकच, 'ठीक.'

"त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं," साडूभाऊ आमच्या स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आणि हॉलमधून स्वयंपाकघरात जाता जाता म्हणत. आधीच्या येरझारा सवयीच्या होत्या. आता त्यांना कारण मिळालं होतं. जेवताना घास हातात धरून उठायचे. एका रविवारी तर परतीच्या लोकलमधून आकुर्डीला उतरले आणि पुन्हा आमच्याकडे आले, का, तर एक वाक्य सांगायचं राहिलं होतं. वाक्य हे होतं, "चूक माझी नाही, त्यांचीही नाही, मग झाली कशी?" एवढं बोलून ते आल्या पावली परत गेले.

मी चाकणला एका सुटे भाग करणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. त्यांची ही अवस्था बघवेना, म्हणून जरा जीव रमेल ह्या हेतूने एका शनिवारी मी त्यांना कंपनी दाखवायला नेलं. यंत्रांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या टेबलावर नटाचे आटे तपासायचं गेज होतं. बोटभर दांडा, एक टोक नटात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये, की माल पास. ते हातात घेऊन त्यांनी अर्धा तास नट तपासले.

"हे माप कोणी ठरवलं?"

"ठरलेलं आहे, साडूभाऊ. पुस्तक आहे त्याचं. सगळे तेच पाळतात."

"म्हणजे भोसरीत केलेला बोल्ट निघोज्याच्या शेडमधल्या नटात बसतो? आणि करणारे दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत?"

"ओळखायची गरज काय?"

हे ऐकून ते खुर्चीवर बसले. मी घाबरून पाणी मागवलं. "आम्ही सात जण एकमेकांच्या पोरांची टोपणनावं सांगू शकतो, राव," ते हळूच म्हणाले, "आणि माझी चौकट बाईंच्या वहीत बसत नाही."

त्या दिवसापासून तक्ता सुरू झाला. सातही ग्रंथालयांनी प्रत्येक करारासाठी एकच तक्ता भरायचा. तेच प्रश्न, तोच क्रम. उत्तरं फक्त चार: चालतं, चालत नाही, करार गप्प, अजून पाहिलेलं नाही. शेजारी कराराचा पान नंबर. रिकामी चौकट ठेवायची नाही. ऐकायला दोन ओळींचं काम, पण त्याने आमचे किती रविवार खाल्ले ह्याची गणती नाही. 'वापरणारा' कोण ह्यावरच महिना गेला. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक त्यात येतात का? नापास होऊन फक्त परीक्षेपुरता येणारा मुलगा? ग्रुपवर टाकलं की एक जण फुलांचं चित्र पाठवायचा, दुसरा 'छान उपक्रम' म्हणायचा, आणि भरायचं कुणीच नाही. एकाने कळवलं की ग्रंथालयापेक्षा तक्ता मोठा झालाय, हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. साडूभाऊ पुन्हा कागद काढत, पुन्हा चालत. "मेच्या आत झालं पाहिजे," एवढंच घोकत. "माझी जागा भरतील असं दिसत नाही. मी गेल्यावर ह्या वह्या वाचायच्या कशा, हे सांगायला कोण असेल? मग पुन्हा कुणीतरी स्टाफसमोर उभं राहणार."

शेवटी नोव्हेंबरात एका शनिवारी दुपारी सातही जण एकत्र आले, आणि तेही दिघीच्या बाईंच्या ग्रंथालयात. जागा द्यायला बाई तयार झाल्या होत्या. 'ठीक' असा मेसेज आला होता. मला साडूभाऊंनी 'मानकांतले तज्ज्ञ' म्हणून नेलं आणि मी जन्मात पहिल्यांदा सात ग्रंथपालांपुढे नट-बोल्टावर भाषण केलं. त्यांनी गेज हातोहात फिरवलं, मान डोलावली. चार उत्तरांतली तीन तासाभरात मंजूर झाली. घोडं अडलं ते 'करार गप्प' ह्यावर.

सातांपैकी निघोज्याचे एक सर आहेत. जुनं शेतकरी घराणं, त्यांच्या जमिनीवर आता कंपन्यांच्या शेड उभ्या आहेत. नोकरी केवळ पुस्तकांच्या नादापायी करतात. माणूस लाखातला, पण मनात येईल ते बोलणारा. ते म्हणाले, "सर, एक सांगू का? जिथं करार गप हाय तिथं आपन बी गप ऱ्हावं. मौन म्हंजी संमती. आता तुमी लिवनार गप हाय म्हनून, मंग कोनतरी कंपनीला इचारनार, आन इचारलं की ती न्हाईच म्हननार. चालतंय ते बी बंद."

सगळ्यांनी माना हलवल्या. खरं सांगायचं तर मीही हलवली. रस्त्यावर प्यायलेला तो मठ्ठा मी विसरलो नव्हतो.

"गप्प म्हणजे हो नाही," साडूभाऊ कपाटांच्या मधून चालत म्हणाले. "गप्प म्हणजे विचारायचं राहिलंय. ते आपण आपल्या सोयीने भरतो, प्रत्येक जण वेगळं, आणि मग..." ते थांबले. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

"मंग इचारा की," निघोज्याचे सर म्हणाले. "पर तुमचं काय जातंय सर? तुमी मे म्हैन्यात घरी. जाईल ते आमचं."

साडूभाऊंनी पिशवीतून त्यांचा स्वतःचा भरलेला तक्ता काढला आणि पुलांच्या त्या मासिकाचा करार होता त्या पानावर बोट ठेवलं. 'निवृत्त कर्मचाऱ्यांनी वाचणे: करार गप्प.' "माझं हे जातंय," ते म्हणाले. मग बाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमचा कॉम्प्युटर घेऊ का पाच मिनिटं?"

बाईंनी स्वतःची खुर्ची मागे सरकवली. "बसा," त्या म्हणाल्या. कित्येक महिन्यांत त्यांच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

साडूभाऊ बसले आणि त्यांनी कंपनीला चार ओळींचं पत्र लिहिलं, की आमच्या करारात निवृत्त कर्मचाऱ्यांबद्दल काही म्हटलेलं नाही, त्यांना वाचता येईल की नाही ते लेखी कळवावं. मोठ्याने वाचून दाखवलं. निघोज्याचे सर उठून उभे राहिले. "सर, नका धाडू. आमी आपलं बोलता बोलता बोलून गेलो. तुमाला वाचायचं हाय, ठावं हाय आमाला." साडूभाऊंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि पत्र पाठवून दिलं. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. उठून हात धरावा असं वाटलं. एका माणसाने किती खरं वागावं ह्यालाही काही मर्यादा असावी.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. नाही, आणि असे पासवर्ड चालू असतील तर ते बंद करावेत. साडूभाऊंनी ते बंद केले. दोन म्हातारे प्राध्यापक त्यामुळे इतके चिडले की त्यातल्या एकाने चिंचवड स्टेशनवर चारचौघांत विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं रे विचारायला?" ह्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. करारात सोयीची एकच गोष्ट होती, की ग्रंथालयात स्वतः येऊन बसणाऱ्या कुणालाही वाचायला चालतं, पान एकोणीस. ते त्यांनी त्या प्राध्यापकांना समजावून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तक्त्यात मात्र त्यांनी 'करार गप्प' खोडून 'चालत नाही' लिहिलं, पत्राची तारीख घातली आणि सहाही जणांना पाठवून दिलं. संध्याकाळी निघोज्याच्या सरांचा फोन आला. साडूभाऊंनी तो स्पीकरवर ठेवला होता, कारण चालताना कानाला लावून धरायचा त्यांना कंटाळा. "कोरा तक्ता धाडा सर," ते म्हणाले. "भरतो. समदे करार भरतो. आन गप असंल तिथं गपच लिवतो."

एप्रिलपर्यंत सातही ग्रंथालयांचे तक्ते आले. सगळ्यांत आधी आला तो दिघीच्या बाईंचा. एकही चौकट रिकामी नाही. शिवाय साडूभाऊंच्या तक्त्यात दोन पान नंबर चुकले होते ते लाल शाईने दुरुस्त करून खाली लिहिलं होतं, 'इतका निष्काळजीपणा तुमच्याकडून अपेक्षित नव्हता.' तो कागद घेऊन साडूभाऊ भर दुपारी आमच्याकडे आले. "रागावल्या, राव," ते म्हणाले, "एकदाच्या रागावल्या." त्या दिवशी चहाचा कप त्यांनी फ्रीजमध्ये ठेवला होता.

मे महिन्यात शाल-श्रीफळ झालं. शेवटच्या दिवशी शेवटचं काम म्हणून त्यांनी स्वतःचा पासवर्ड स्वतःच्या हाताने काढून टाकला. जागा अर्थातच भरली गेली नाही; एक क्लार्क बाई आता ग्रंथालय सांभाळतात. साडूभाऊ दर शनिवारी तिथे जातात. गेटवर बाहेरच्या माणसांच्या वहीत नाव लिहितात, आणि बाहेरून येणाऱ्या कुणालाही मिळतो तसा दाराजवळच्या कॉम्प्युटरवर त्यांना एक तास मिळतो. वॉचमन अजून सलाम ठोकतो, क्लार्क बाई म्हणतात, सर तुम्ही बसा हो किती वेळ बसायचं तेवढा, पण हे तासाच्या वर मिनिट घेत नाहीत. तासाचा तो नियमही त्यांनीच पूर्वी केलेला.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. लेखाचं तिसरं पान उघडं होतं, कुठल्याशा दरीवरच्या पुलाचं चित्र होतं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मराठवाड्यातल्या कुठल्याशा कॉलेजातली एक ग्रंथपाल मुलगी होती. तक्ता फिरत फिरत तिच्यापर्यंत पोहोचला होता, आणि तिला विचारायचं होतं, की 'करार गप्प' आणि 'अजून पाहिलेलं नाही' ह्यांत फरक काय. साडूभाऊ ताडकन बाहेरच्या व्हरांड्यात गेले. खिडकीतून ते मला दिसत होते. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते, मोकळ्या हाताने हवेत चौकटी काढत होते. तास संपत आला. मी उठून त्यांना हाक मारायला हवी होती, पण ते इतके खुशीत दिसत होते की माझ्याच्याने मारवली नाही. पुढच्या नंबरचे गृहस्थ, अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, शिफ्ट संपवून आलेले असावेत, ते येऊन खुर्चीवर बसले.

साडूभाऊ परत आले तेव्हा पुलाचं चित्र गेलं होतं. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, पिशवी उचलली, आणि हळू आवाजात मला विचारलं, "कितव्या पानावर होतो मी?"

"तिसऱ्या."

त्यांनी ते कागदावर टिपून घेतलं. जिना उतरताना म्हणाले, "तिला फरक कळला."

तीस वर्षांचे अंक आणि आठवड्याला एक तास. क्वालिटीतला माणूस असल्यामुळे किती वर्षं लागतील हे माझ्या डोक्यात आपोआप आलं. मला फार वाईट वाटलं. ते त्यांना सांगण्यात काही अर्थ नव्हता, बहुतेक त्यांनी माझ्या आधीच मोजलं असावं. गाडी काढता काढता मी एवढंच म्हणालो, की पुढच्या शनिवारी तासभर तुमचा फोन माझ्याकडे देऊन ठेवा, कुणाचा आला तर मी सांगेन, मग करा म्हणून.

साडूभाऊंनी हेल्मेटचा पट्टा लावला.

"नको, राव," ते म्हणाले. "कुणाचं तरी अडलेलं असतं."